बसून बघ

दुईलिओच्या दुकानात आरसा आहे,
पण तो आरशात बघू देत नाही.
"उभ्यानं सगळ्याच पँटी बऱ्या दिसतात," म्हणतो
आणि पायानं स्टूल पुढे सरकवतो.
"बस. हात पुढे, हँडल धरल्यासारखे.
आता सांग, गुडघ्याचं पॅड कुठे गेलं?"

वर गेलं होतं. मांडीवर, चार बोटं,
उशिरा आलेलं पोर
भलत्याच बाकावर बसतं तसं.
"पडशील तेव्हा उभी नसशील," तो म्हणाला
आणि दुसरी पँट काढायला आत गेला,
डावा पाय जरा ओढत.
मी विचारलं नाही.

ओपिचिनाहून खाली बंदरापर्यंत,
जाऊन-येऊन सतरा किलोमीटर.
ट्रामचे ओले रूळ, मग गुळगुळीत फरसबंदी,
आणि बोरा सुटला की वळणावर
कुणी खांद्याला धरून बाजूला सारावं तसा वारा.
दोन वर्षं मी हे साध्या जीन्समध्ये केलं.
जीन्स म्हणजे एक निळा गैरसमज.

मार्चमध्ये फुल्व्हिओ घसरला, आमच्या गोदामातला.
वेग तीसचा. समोर भाजीवाला, हातात फ्लॉवर.
हाड मोडलं नाही, सगळे म्हणाले, नशीब!
मग त्याच्या एका मांडीची कातडी काढून
दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर लावली.
ते नशीब मी ड्रेसिंग बदलताना पाहिलंय.

तर मला हवी होती
रस्त्यावर चिलखत आणि दहा वाजता,
कॉफीचा नमुना चाखायला गिऱ्हाईक आलं की,
नुसती पँट.
चामड्याची घातली तर मी कुठल्या टोळीची वाटते.
जाळीची जुलैत स्वर्ग, नोव्हेंबरात गाळणी.
पावसाळी चालताना बोलते, ताडपत्रीसारखी,
आणि कमरेच्या पॅडांनी मी दाराएवढी रुंद.
"आतली पट्टी वाच," दुईलिओ म्हणाला.
"एक ए म्हणजे पास, दोन म्हणजे बरी,
तीन घेतलीस तर ऑगस्टात शिजशील."
दोन ए. दोनशे साठ युरो.
एवढ्यात दोन्ही टायर आले असते.
पण टायर काही माझ्या अंगावर नसतात.

घरी आई.
मी मोटारसायकल घेतली त्या दिवसापासून
ती फाटकापर्यंत येत नाही.
भांडत नाही, बोलत नाही, फक्त येत नाही.
चाळीस वर्षं कोट शिवलेली बाई.
तिनं पँट घेतली आणि आधी उलटी केली.
चश्मा कपाळावरून खाली.
अंगठ्याच्या नखानं शिवण उकलायचा प्रयत्न,
एकदा, दोनदा,
मग दिव्याखाली.
"तीन टिपा. मधली लपवलीय."
बुडाशी हात. "इथे कापड दुहेरी."
बराच वेळ काही नाही.
"कुणी शिवलीय?"
मशीननं, मी म्हटलं.
"मशीन कुणीतरी चालवतंच."

लांबी जास्त होती, घोट्यावर चुण्या.
दोन बोटं कमी कर, मी म्हटलं.
"नाही. बसलीस की वर जाईल."
तुला कुणी सांगितलं?
"व्हेस्पावर मागं बसणाऱ्या बायका
माझ्याकडून स्कर्टला दोन बोटं जास्त घ्यायच्या.
नवऱ्यांना वाटायचं, लाजतात."
पँट सुलटी करून तिनं माझ्याकडे फेकली.
सकाळी ती फाटकापर्यंत आली नाही.
पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती,
आणि त्या थंडीत ती उघडायचं
दुसरं काही कारण नव्हतं.

सोमवारी एक पोतं फुटलं.
हिरवे दाणे सिमेंटवर, पार रॅकच्या खाली.
मी गुडघे टेकले, आणि पॅडं
जिथे असायला हवीत तिथेच होती.
फुल्व्हिओ उभा. त्याला अजून वाकता येत नाही.
बुटाच्या टोकानं दाखवत म्हणाला,
"तिथे एक राहिला."